कमानींखाली जेवणारी मुंबई

फोर्टचे रस्ते आणि फुटपाथ ज्यांच्या अखत्यारीत येतात, त्या सर्व अधिकाऱ्यांना,



गेल्या शनिवारी आईला फोर्ट दाखवायला नेलं. ओव्हल मैदानाच्या कडेला उभी राहून ती राजाबाई टॉवर मान वर करून बघत राहिली. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने देणगी दिली आणि १८७८ साली हा टॉवर पुरा झाला, हे सांगितल्यावर तिने आणखी थोडा वेळ मागितला. मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथले दगड तुम्ही जपताय, त्याबद्दल मनापासून आभार.

दुपारी भूक लागली म्हणून एका गल्लीत सँडविचवाल्याकडे थांबलो. त्याने पावाला लोणी लावलं, हिरवी चटणी फासली, बटाटा-बीट-काकडीच्या चकत्या मांडल्या आणि साचा शेगडीवर धरला. पाव शेकल्याचा वास सुटला तोच कुणीतरी ओरडलं, "गाडी आली!" फेरीवाल्यांना हटवणारी गाडी. तापलेला साचा फडक्यात गुंडाळून, स्टँड खांद्यावर टाकून तो दिसेनासा झाला. आई रिकामी प्लेट धरून उभी. वीस मिनिटांनी तो परत आला तो आमचे पैसे द्यायला. आईने घेतले नाहीत.

फुटपाथ अडतो, ही तक्रार खरी आहे. शेगडीच्या धुराने जुना दगड काळवंडतो, हेही खरं. पण या माणसाला रोज पळवून यातलं काय सुटतं? तासाभरात तो त्याच जागी असतो, कारण त्याचं गिऱ्हाईक तिथेच आहे: कोर्टातले कारकून, बँकांतले शिपाई, कुरिअरची पोरं. हॉटेलात बसून जेवणं त्यांना रोज परवडत नाही.

इथला दादाभाई नौरोजी रस्ता हॉर्नबी रोड होता, तेव्हा १८९६ च्या नियमाने तिथे बांधणाऱ्याला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडावी लागे. परक्या सरकारलाही पायी चालणाऱ्याचं ऊन-पाऊस दिसलं होतं. आपल्याकडे तर २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी करा, त्यांना प्रमाणपत्र द्या, विक्रीच्या जागा ठरवा, असं तो सांगतो. तो इथे पुरता राबवा. कमानी मोकळ्या ठेवून गल्ल्यांत जागा आखा. तिथे नळ द्या, सांडपाण्याची सोय करा, कचरा दिवसातून दोनदा उचला.

आणि स्वच्छतागृहं. आईने त्या दिवशी सकाळपासून पाणी घोटघोटच घेतलं, वाटेत सोय मिळेल की नाही या धास्तीने. बाटली जवळजवळ भरलेलीच घरी आली.

जागा आखायला नकाशा घेऊन बसाल तेव्हा विक्रेत्यांना सोबत घ्या. शहर फेरीवाला समितीत ४० टक्के जागा कायद्यानेच त्यांच्या आहेत. गाडीला किती फूट लागतात, दुपारी एकला गर्दी कुठून येते, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं, हे त्यांना तोंडपाठ आहे.

आपली,
फोर्टमध्ये वीस वर्षं नोकरी केलेली एक मुंबईकर