एनआरआय साहेब, रस्ता कुणाच्या बापाचा?

पाच डिसेंबरची संध्याकाळ. शिवाजी पार्कजवळच्या एका सोसायटीत लिफ्ट बंद पडली म्हणून कंपनीनं मला धाडलं होतं. खाली रस्त्यावर आपली माणसं लोंढ्यानं चैत्यभूमीकडं चाललेली. विदर्भातून, मराठवाड्यातून. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. आणि वर चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या दाराशी, एक साहेब उभे. न्यू जर्सीहून पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलेले. विमानतळावरून घरी पोचायला त्यांना दोन तास जास्त लागले होते. कारण? ही गर्दी.

साहेब म्हणाले, ‘‘अरे बाबा, किती दिवस चालतं हे? आमच्याकडं अमेरिकेत असलं चालत नाही. परवानगी घ्यायची, फुटपाथवरून जायचं, बोर्ड धरायचा, घरी जायचं. लोकशाहीला शिस्त लागते.’’ मग त्यांना जोर चढला. ‘‘तिकडंही आहेत ना असले. ते काळे. २०२० साली बघितलं आम्ही. दुकानं फोडली, गाड्या जाळल्या. एवढा चांगला देश. शिका, काम करा, पुढं या. आम्ही नाही आलो? पण नाही. यांना रस्ताच पाहिजे.’’

माझं आडनाव त्यांना ठाऊक नव्हतं. ड्युटी संपली की मीही त्याच गर्दीत उतरणार होतो, हे तर त्यांच्या डोक्यातही नव्हतं. मी ‘‘हो साहेब’’ म्हणालो आणि दरवाजाचा स्विच घासत बसलो. पोटाचा धंदा. तेव्हा बोललो नाही. आता बोलतो.

साहेब, तुमचं पहिलं वाक्य घेऊ. अमेरिकेत असलं चालत नाही.

चालतं. असलंच चालतं. आणि चाललं म्हणूनच अमेरिका आज राहण्यालायक आहे. डिसेंबर १९५५ ते डिसेंबर १९५६, माँटगोमेरी शहरात काळ्या माणसांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. मोलकरणी, हमाल, शाळामास्तर मैलोगणती पायी चालले. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख माणूस जमला. तुमच्यासारख्या कुणाला त्या दिवशी घरी जायला उशीर झालाच असेल. ७ मार्च १९६५ ला सेल्माच्या पुलावर मोर्चा निघाला. परवानगी? अलाबामाचा गव्हर्नर वॉलेस यानं मोर्चावर बंदी घातली होती. बंदी मोडून माणसं निघाली. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, दंडुक्यांनी डोकी फोडली. तीच माणसं दोन आठवड्यांनी पुन्हा निघाली, हायवेवरून चालत २५ मार्चला माँटगोमेरीला पोचली. ६ ऑगस्टला मताधिकाराच्या कायद्यावर सही झाली.

म्हणजे ज्या लोकशाहीची शिस्त तुम्ही मला शिकवता, ती लोकशाही तिथल्या काळ्या माणसाला परवानगी घेऊन मिळालेली नाही. बंदी मोडून मिळालेली आहे.

आता पुढची तारीख नीट ऐका. ती तुमच्या कामाची आहे. ३ ऑक्टोबर १९६५. त्याच वर्षी, त्याच राष्ट्राध्यक्षानं, लिंडन जॉन्सननं, दुसऱ्या एका कायद्यावर सही केली. परदेशातून येऊन वसणाऱ्यांचा कायदा. त्याआधी काय होतं? १९१७ च्या कायद्यानं हिंदी माणसाला दार बंद. १९४६ ला दार किलकिलं झालं, तेही वर्षाला फक्त १०० माणसांपुरतं. एवढ्या मोठ्या देशाला शंभर! १९६५ च्या कायद्यानं वंश बघून कोटा ठरवणं बंद केलं आणि आशियातल्या देशांना दरदेशी वर्षाला २०,००० पर्यंत दार उघडलं. मोर्च्यांमुळंच फक्त हा कायदा झाला असं मी म्हणत नाही. रशियाशी चढाओढ होती, जगापुढं तोंड दाखवायचं होतं. पण आपल्याच देशातल्या काळ्याला समान म्हणायला भाग पडल्यावर पिवळ्याला, तपकिरीला ‘तू खालच्या वंशाचा’ म्हणून दारात अडवणार कसं? ती भिंत काळ्यांनी खिळखिळी केली. तुम्ही पडक्या भिंतीतून सूटकेस घेऊन आत गेलात. आणि आत गेल्यावर विचारता, ही विटांची घाण कुणी केली?

तुमचे पूर्वज त्या दारात उभे राहून काय म्हणत होते, तेही सांगतो. भगतसिंग थिंड नावाचा पंजाबी माणूस. अमेरिकी फौजेत नोकरी केलेला. नागरिकत्वासाठी त्याचा खटला तिथल्या सुप्रीम कोर्टात गेला. तेव्हा नागरिकत्व मिळायचं गोऱ्याला, नाहीतर आफ्रिकी वंशाच्या माणसाला. थिंडच्या बाजूनं युक्तिवाद काय? हा माणूस उच्चजातीचा आहे, आर्य आहे, म्हणून गोरा आहे. एवढ्यावर थांबले नाहीत. गोरा अमेरिकन निग्रोकडं जसं बघतो, तसंच उच्चजातीचा हिंदू इथल्या आदिवासीकडं बघतो, लग्नसंबंधाच्या बाबतीत, असंही मांडलं गेलं. म्हणजे आम्हाला आत घ्या, कारण आम्हीसुद्धा तुमच्यासारखीच माणसं तुडवतो! १९ फेब्रुवारी १९२३ ला कोर्टानं निकाल दिला : तू गोरा नाहीस. ज्या हिंदी लोकांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यातल्या कित्येकांचंही काढून घेतलं.

काय शिकलात त्यातून, साहेब? गोऱ्याच्या पंक्तीला बसायला जात दाखवली, तर पान मिळालं नाही. काळा रस्त्यावर उतरला, तेव्हा पान मिळालं. शंभर वर्षं झाली. तुम्ही अजून जातच दाखवता.

तुमची पोरं तिथली नागरिक आहेत ना? जन्मानं? हा हक्क आला कुठून? गुलामी मोडल्यावर, १८६८ साली, चौदावी घटनादुरुस्ती झाली. कालपर्यंत बाजारात विकला जाणारा माणूस आणि त्याचं लेकरू या देशाचे नागरिक आहेत, हे लिहून घेण्यासाठी. त्या ओळीवर तुमच्या लेकराचा पासपोर्ट उभा आहे. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्पनं हुकूम काढला की तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्याला तो हक्क नाही. तेव्हा तुमच्यातल्या अनेकांची झोप उडाली. खटले भरले गेले, न्यायालयांनी हुकूम अडवला. कशाच्या आधारे अडवला? गुलामांच्या त्या ओळीच्या. त्या दिवशी तरी आठवण झाली का, साहेब, की आपण कुणाच्या कमाईवर जगतोय?

नाही झाली म्हणता? मग ही गोष्ट ऐका. फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन गाव. गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले सत्तावन्न वर्षांचे एक आजोबा सकाळी मुलाच्या घराजवळ फिरत होते. शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला : एक काळा माणूस हिंडतोय. पोलीस आले. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसानं त्यांना उचलून जमिनीवर आपटलं. मणक्याला मार बसला, अंग लुळं पडलं. त्या पोलिसाला शिक्षा झाली नाही. फोन करणाऱ्यानं विचारलं नाही की तुमचं गोत्र कोणतं. त्याला दिसला तो काळा. पाच वर्षांनी, २५ मे २०२० ला, मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा नऊ मिनिटांहून जास्त राहिला आणि माणूस मेला. तेव्हा रस्त्यावर आलेल्यांना तुम्ही दंगलखोर म्हणालात. अहो, ते तुमच्या बापासाठीसुद्धा आले होते.

आणि ‘शिका, पुढं या, आम्ही नाही आलो?’ हे तर तुमचं आवडतं भजन. चांगलं आहे. पण चाल तपासू. १९६५ नंतर पहिल्या खेपेला गेलेले डॉक्टर, इंजिनियर कोण होते? सरकारी कॉलेजात, जनतेच्या पैशावर शिकलेले. ‘आरक्षणामुळं आम्हाला देश सोडावा लागला’ असं रडणाऱ्यांनी कॅलेंडर बघावं. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा आल्या १९७३ साली. तोवर विमानं भरून गेली होती. तुम्हाला आरक्षणानं नाही घालवलं, डॉलरनं नेलं. गेलात, आमचं काही म्हणणं नाही. पण खोटं बोलू नका.

आणि तिथं जाऊन काय केलंत? भारतीयांच्या संघटनेनं अर्ज केला की आम्ही वंचित आहोत, आम्हालाही सवलत द्या. १९८२ साली तिथल्या सरकारच्या लघुउद्योग खात्यानं भारतीयांना सामाजिकदृष्ट्या वंचित गटात घेतलं. सरकारी कंत्राटांत त्या गटाला अग्रक्रम. ही सवलतसुद्धा काळ्यांच्या लढ्यातून आलेली. म्हणजे आमचा माणूस इथं राखीव जागेवर बसला की गुणवत्ता मेली. तुम्ही तिथं घेतलंत की तो हक्क! च्यायला, हे बरं आहे.

तिथं तुमच्यातले बहुतेक डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. कारण तिथं तुम्ही थोडे आहात. थोड्यांना कायद्याचा आधार लागतो, हे तिथं बरोबर कळतं. इकडं विमानातून उतरलात की तुम्ही बहुसंख्य. मग लगेच कायदा नको, शिस्त पाहिजे. लोकशाही काय व्हिसाचा शिक्का आहे, एका देशात चालेल अन् दुसऱ्यात नाही?

आणि तिथंही ती तुम्हाला किती पचते ते २०२३ साली दिसलं. २१ फेब्रुवारीला सिएटल शहरानं जातिभेदाला बंदी केली. अमेरिकेतलं पहिलं शहर. ठराव कुणी आणला? पुण्यात जन्मलेल्या, ब्राह्मण घरातून आलेल्या क्षमा सावंत यांनी. नंतर कॅलिफोर्निया राज्यात आयेशा वहाब यांनी तसंच विधेयक मांडलं. आपली माणसं सॅक्रामेंटोत उपोषणाला बसली. दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर झालं. त्याविरुद्ध कोण उभं राहिलं? गोरे नव्हेत. ‘हिंदू अमेरिकन फाउंडेशन’ आणि तुमच्या गावच्या संघटना. म्हणणं असं की यानं आमची बदनामी होते. गव्हर्नर न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ ला विधेयक परत पाठवलं, सध्याचे कायदे पुरेसे आहेत म्हणून. त्या वेळी निदर्शनं कुणी केली, फोन कुणी केले, आमदारांच्या दारात रांगा कुणी लावल्या? तुमच्याच लोकांनी! तेव्हा नाही आठवलं, की अमेरिकेत असलं चालत नाही? म्हणजे रस्ता तुम्हालाही येतो. फक्त जात झाकायची असली की येतो.

जात पाळत नाही म्हणता, तर जातिभेदाच्या बंदीनं बदनामी तुमची कशी होते? ज्यानं चोरी केली नाही, तो चोरीच्या कायद्याविरुद्ध मोर्चा काढतो का?

मित्रांनो, इथं एक गोष्ट नीट सांगायला पाहिजे, नाहीतर आपणही त्या साहेबांसारखे आंधळे ठरू. परदेशात गेलेला प्रत्येक माणूस असा नाही. १ जून २०२० च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये पोलिसांनी निदर्शकांना गल्लीत कोंडलं, तेव्हा राहुल दुबे या भारतीय वंशाच्या माणसानं दार उघडलं आणि सुमारे ७० जणांना रात्रभर घरात ठेवलं. मिनियापोलिसमध्ये ‘गांधी महल’ नावाचं हॉटेल त्या आगीत जळालं. मालक बांगलादेशी, रुहेल इस्लाम. तो म्हणाला, माझी इमारत जळाली तर जळू दे, न्याय झाला पाहिजे. हॉटेल त्याचं जळालं आणि पोटात दुखलं न्यू जर्सीच्या साहेबांच्या!

व्हिसावर अडकलेल्याची भीतीही मला कळते. नोकरी गेली की देश सुटतो, मग तोंड उघडणार कसं? मी तरी त्या दिवशी लिफ्टपाशी कुठं उघडलं? भ्यालेल्या माणसावर माझा राग नाही. पण भीती वेगळी आणि तुच्छता वेगळी. गप्प बसणारा भितो. शिव्या देणारा भीत नाही, तो मालकाच्या बाजूला खुर्ची शोधतो.

आणि आता आपलं. आपलीही पोरं आता तिकडं जाताहेत. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियात गेले आणि परत आले ते महाडचं तळं खुलं करायला. १९४६ साली त्यांनी डु बॉइस यांना पत्र लिहिलं, अमेरिकेतल्या निग्रोंनी आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढं नेला, तो कागद मागवला. दोन्ही दुःखांची सोयरीक त्यांनी तेव्हाच ओळखली. १९६६ ला ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उठली, १९७२ ला मुंबईत आपण तेच नाव घेतलं. उगाच नाही घेतलं. पण आपल्या वस्तीत अजूनही काळ्या पोरीला स्थळ येत नाही आणि आफ्रिकेचा माणूस दिसला की आपली पोरं फिदीफिदी हसतात. नाव पँथरचं आणि नजर त्या साहेबाची? हे चालणार नाही. कॅलिफोर्नियात जाऊन आडनाव बदलणाऱ्या आणि १४ एप्रिलला बंद हॉलमध्ये केक कापणाऱ्या आपल्या भावालाही हेच विचारायचंय : काळ्यांचा मोर्चा तुझ्या खिडकीखालून गेला, तेव्हा तू खाली उतरलास का?

साहेब, लिफ्ट त्या दिवशी दुरुस्त झाली. तुम्ही मला पन्नास रुपये देऊ केलेत, मी घेतले नाहीत. तुम्ही वर गेलात, मी जिन्यानं खाली उतरलो. रस्त्यावर आलो आणि गर्दीत शिरलो. यवतमाळकडची एक म्हातारी वाट विचारत होती. तिनं ना कुणाची परवानगी घेतली होती, ना कुणाला शिव्या दिल्या होत्या. तिला फक्त पोचायचं होतं.

रस्ता तुमच्या बापाचा नाही. आमच्याही नाही. जो चालतो त्याचा आहे. पुढच्या डिसेंबरात आलात, तर दोन तास उशीर होईलच. तेवढ्या वेळात गाडीची काच खाली करा आणि माणसं बघा. लोकशाही म्हणतात ती तीच. पायी चाललेली.

जय भीम!