गोपनीयता कोणाची आणि कोणापासून?

नवऱ्याचे घर सोडून माहेरी आलेली एखादी शेतमजूर स्त्री आपल्या तीन वर्षांच्या मुलाचे नाव घालावयास अंगणवाडीत जाते, तेव्हा ते नाव सासरच्या गावी आधीच नोंदलेले असते. मुलाचे वजन किती भरले होते, घरी न्यावयाचा शिधा कोणी उचलला, हे तिने तिकडे विचारले तर सांगावयाचे कोणी? मूल आईकडे आणि चौकशी करणारा बाप, असेही घडते. दोन्ही वेळा उत्तर सोपे असते : ‘माहिती गोपनीय आहे.’

गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने सांगितले, त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु तो हक्क नागरिकाचा आहे, कचेरीच्या कपाटाचा नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती आवश्यक ठरविली. विभक्त आईबापांपैकी कोणाची, याविषयी कायदा मूक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध झाले, तेव्हा पालकांच्या संमतीच्या आणि माहिती मिळविण्याच्या हक्काच्या कलमांना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. माहितीच्या अधिकाराला कात्री लावणारे कलम मात्र तत्काळ लागू झाले. सरकारला घाई कशाची होती, हे यावरून दिसते. शिध्यासाठी लाभार्थी मातेचा चेहरा यंत्राने टिपणाऱ्या शासनाला तिच्या मुलाची नोंद तिला दाखविताना गोपनीयता आठवावी, हे विलक्षण आहे.

या मौनाचा भार दोघांवर सारखा पडत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. नैसर्गिक पालक मात्र प्रथम बाप, ‘त्याच्यानंतर’ आई. म्हणजे मूल सांभाळावयाचे एकीने आणि कागद चालावयाचे दुसऱ्याच्या नावाने! रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांच्या अर्जावर आईची सही नाकारली गेली, म्हणून गीता हरिहरन न्यायालयात गेल्या. १९९९ च्या निकालाने ‘त्याच्यानंतर’ म्हणजे ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा अर्थ लावला. कलम मात्र तसेच राहिले. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात आईबापांना समान पालकत्व देण्याची शिफारस केली, तरीही! महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव अनिवार्य झाले, हे चांगलेच. पण नाव लिहिणे वेगळे आणि अधिकार मानणे वेगळे.

‘मग दोघांनाही सर्व माहिती द्या’ असे म्हणून सुटका होत नाही. मारहाणीला कंटाळून निघालेल्या स्त्रीचा नवा पत्ता पाळणाघराच्या वहीतून नवऱ्याच्या हाती पडला, तर तिच्या जिवाशी खेळ होईल. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५ याने मुलाच्या भेटीस मनाई करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना दिला आहे, तो याच अनुभवामुळे. उलट, ज्याच्याविरुद्ध असा कोणताही आदेश नाही, अशा बापाला मूल आजारी असल्याचे कळू न देणे हाही अन्यायच आहे, आणि स्त्रीमुक्तीच्या नावाने त्याचे समर्थन आम्ही करणार नाही.

वाद मिटवावयाचा तर माहितीचे दोन भाग करावे लागतील. मुलाचे वजन, लस, आजार, हजेरी ही माहिती मुलाची. न्यायालयाची मनाई नसेल तर ती आईबाप दोघांनाही मिळाली पाहिजे. पत्ता, दूरध्वनी, कामाचे ठिकाण, मुलाला कोण आणते-नेते, ही माहिती ज्याची त्याची. ती दुसऱ्याला मिळता कामा नये. आणि हजेरीवरूनच अंगणवाडीचा ठावठिकाणा लागत असेल, तर कागद देताना गावाचे नाव झाकावयास हवे. हा निवाडा मानधनावर राबणाऱ्या सेविकेवर सोपवू नये. दारात भांडावयास येणारा नवरा तिलाच तोंड देऊन परतवावा लागतो. लेखी अर्ज पर्यवेक्षिकेने घ्यावा, ठराविक मुदतीत उत्तर द्यावे, नकार असल्यास कारण लिहावे. अंगणवाड्यांपुरते बोलावयाचे तर यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महिला व बालविकास विभागाचे एक परिपत्रक पुरे आहे.