कंपवात आणि शक्तिवर्धकांचा मोह

घरातील वडीलधाऱ्या माणसाचा हात कापू लागतो, पाऊल घसटते, सहीचे अक्षर बारीक होत जाते आणि तपासणीनंतर पार्किन्सनच्या कंपवाताचे निदान होते. मग कपाटात डॉक्टरांच्या गोळ्यांशेजारी बाटल्यांची दुसरीच एक रांग उभी राहते. कोणी शेजारी ‘ई’ जीवनसत्त्व सुचवितो, परदेशस्थ भाचा को-एन्झाइम क्यू-१० धाडतो. यामागील माया समजण्याजोगी आहे. परंतु निवृत्तिवेतनाचा जो वाटा या रांगेवर खर्ची पडतो, त्याचे फळ काय, हे विचारावयास हवे.

उत्तर संशोधनाने बरेचसे दिलेले आहे. अमेरिका व कॅनडातील ८०० रुग्णांच्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘ई’ जीवनसत्त्वाने रोगाची वाटचाल मंदावल्याचे दिसले नाही. क्यू-१० ची ६०० रुग्णांवरील चाचणी २०११ साली निष्फळ ठरून थांबली. १,७४१ रुग्णांची क्रिएटिनची चाचणीही २०१३ साली त्याच वाटेने गेली.

याउलट जे फुकट आहे, त्याकडे दुर्लक्ष होते. ती गोष्ट म्हणजे गोळीची वेळ. लेव्होडोपा हे या रोगावरील मुख्य औषध स्वतःच एक अमिनो आम्ल आहे. दूध, डाळ, अंडी, मटण यांतील प्रथिने पचून जी अमिनो आम्ले सुटतात, त्यांपैकी अनेक आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत त्याच दाराने शिरतात. दाराशी गर्दी झाली की औषध मागे राहते. रोग जुना झाल्यावर तर हे विशेष जाणवते. पेलाभर दुधाबरोबर गोळी घेतलेल्या वृद्धाला दहा वाजेपर्यंत खुर्चीतून उठता येत नाही आणि घरचे समजतात, रोग बळावला! गोळी जेवणापूर्वी अर्धा-पाऊण तास घेतल्यास पुष्कळांचा हा त्रास कमी होतो. मळमळत असेल, तर सोबत चार लाह्या खाव्यात. लोहाच्या गोळीचेही तेच. ती औषधाला बांधून ठेवते, म्हणून दोहोंत काही तासांचे अंतर हवे.

म्हणून प्रथिनेच सोडून देणे हा मात्र आततायीपणा होय. या रोगात वजन आधीच घटते. डाळ-उसळीचा मोठा भाग रात्रीच्या जेवणाकडे सरकविणे एवढे पुरेसे असते, तेही डॉक्टरांना विचारून. खाजकुहिलीच्या चूर्णाविषयीही सावधगिरी हवी. तिच्या बियांत लेव्होडोपा खरोखरीच असते, आणि त्यामुळेच गोळ्यांवर चूर्ण घेणे म्हणजे न मोजता मात्रा वाढविणे होय.

सर्वच पूरके व्यर्थ आहेत, असा याचा अर्थ नव्हे. लेव्होडोपा दीर्घकाळ घेणाऱ्यांत ‘बी-१२’ची उणीव आढळते, शाकाहारी घरांत ती मुळातच असण्याचा संभव अधिक. तोल जाऊन पडणाऱ्याच्या हाडांसाठी ‘डी’ जीवनसत्त्वाकडेही पाहावे लागते. पण ही उणीव रक्ततपासणीने ठरते, जाहिरातीने नव्हे. राहता राहिला बद्धकोष्ठ. तो कंपाच्याही कित्येक वर्षे आधी सुरू झालेला असू शकतो, आणि त्यावर पालेभाज्या, फळे व भरपूर पाणी यांपासूनच आरंभ करावा लागतो.

औषधचिठ्ठीवर ‘दिवसातून तीन वेळा’ एवढेच लिहून भागत नाही. जेवणाच्या किती आधी, हे डॉक्टरांनी लिहावे. न लिहिल्यास दवाखान्याची पायरी उतरण्यापूर्वी नातेवाइकांनी ते विचारून घ्यावे.