व्हिसा नाकारला गेल्यावर

पावसाळा संपत आला की या पानाकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. जूनमध्ये विचारतात, कुठलं विद्यापीठ चांगलं? सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विचारतात, व्हिसा नाकारला, आता काय? या वेळी अशी तीन पत्रं आली. त्यातलं एक रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आईचं आहे. मुलगी बी.फार्म. झालेली, इंग्लंडमधल्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळालेला, पहिला हप्ता भरलेला, मोहल्ल्यात मिठाई वाटून झालेली. आणि मग नकार आला. आई लिहिते, "आपा, मुलगी खोलीतून बाहेर येत नाही. तिचे अब्बा म्हणतात, तकदीरमध्ये नव्हतं, आलेलं स्थळ बघून टाकू. एजंट म्हणतो, लगेच कॅनडाचा अर्ज टाकू, इंग्लंडच्या नकाराचं तिथे कुणाला कळतंय? तुमचा मशवरा काय?"

मशवऱ्याआधी मी त्यांना एकच विचारलं, नकाराचं पत्र कुणी वाचलं? उत्तर आलं, ते एजंटकडे आहे.

इथेच बहुतेक घरं चुकतात. पासपोर्ट परत आला, त्यात व्हिसा नाही, एवढ्यावर रडारड होते. पण ब्रिटनच्या नकारासोबत लेखी कारण येतं. कुठला नियम पूर्ण झाला नाही आणि अधिकाऱ्याने काय पाहिलं, हे त्यात असतं. ते पत्र मुलीच्या नावाचं आहे, एजंटच्या नाही. ते मागून घ्या, इंग्रजी जमत नसेल तर गावातल्या हायस्कूलच्या सरांकडून ओळ न् ओळ समजून घ्या. दुसरा अर्ज त्या पत्राचं उत्तर असायला हवा. उत्तर तयार नसेल तर दुसऱ्या अर्जाची फी म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे.

या मुलीच्या पत्रात दोन कारणं निघाली आणि दोन्ही पैशांची. आपल्या कितीतरी घरांत हेच होत असणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला ७० गुण लागतात. विद्यापीठाच्या प्रवेशपत्राचे, ज्याला ते कॅस म्हणतात, त्याचे ५०, इंग्रजीचे १० आणि पैशांचे १०. पैशांत पहिल्या वर्षाची राहिलेली फी आणि राहण्याखाण्याचा खर्च दाखवावा लागतो. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड असा धरतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ पौंड, फी वेगळी. हे आकडे बदलत राहतात, अर्जाच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहावेत.

रक्कम जमवणं अवघड खरं, पण मुलं अडकतात ती २८ दिवसांवर. ही पूर्ण रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, आणि ज्या दिवशीची शिल्लक दाखवता तो दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतला असावा लागतो. समजा १ सप्टेंबरला पैसे जमा झाले. तर २८ सप्टेंबरपर्यंत त्या खात्याला हात लावायचा नाही, त्यानंतरचा उतारा काढायचा आणि त्यावरची शिल्लक ३१ दिवसांपेक्षा जुनी होण्याआधी अर्ज करायचा. मध्ये एक दिवस जरी शिल्लक कमी झाली, घरात दवाखाना निघाला म्हणून वीस हजार काढले आणि चार दिवसांनी परत भरले, तरी मोजणी पहिल्यापासून. या मुलीच्या खात्यात पैसे आले आणि सतराव्या दिवशी अर्ज गेला. एजंटला घाई होती.

दुसरं कारण चाचांचं खातं. चाचा कुवेतला आहेत, शिकवण्याचा खर्च ते करणार, म्हणून त्यांच्याच बँकेचा उतारा जोडला. आपल्याकडे हे किती साहजिक आहे! घरातला एक जण आखातात आणि त्याच्यावर चार घरांची शिक्षणं, लग्नं. पण ब्रिटनचा नियम आपलं एकत्र कुटुंब ओळखत नाही. खातं विद्यार्थ्याचं स्वतःचं, आई-वडिलांचं, कायदेशीर पालकाचं किंवा नवरा-बायकोचं लागतं. चाचा, मामा, खालू, मोठा भाऊ यांच्या नावाचं चालत नाही. चाचांना खरंच द्यायचे असतील तर त्यांनी ती रक्कम मुलीच्या किंवा अब्बांच्या खात्यात भेट म्हणून द्यावी, तसा कागद करावा आणि मग २८ दिवस मोजावेत. खातं आई-वडिलांचं असेल तर नातं सिद्ध करणारा जन्माचा दाखला आणि पैसे वापरायला संमती असल्याचं त्यांच्या सहीचं पत्रही लागतं.

पैसे कुठे ठेवलेत हेही पाहतात. बँक त्या देशाच्या बँक नियामकाच्या देखरेखीखाली असावी, नोंदी संगणकावर असाव्यात आणि अधिकाऱ्याला विचारपूस करता यावी, अशी अट आहे. आपल्यातले अनेक जण व्याज नको म्हणून बिनव्याजी पतसंस्थेत पैसे ठेवतात. त्यांची निय्यत चांगलीच आहे, पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही. व्हिसासाठीची रक्कम वेळेत बँकेच्या खात्यात आणलेली बरी. दागिने, जमिनीचा सातबारा, शेअर यांना या हिशेबात किंमत नाही. दागिने मोडायचे असतील तर ते अर्जाच्या दोन महिने आधी.

बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांची अट लागत नाही, सहा महिन्यांच्या आतलं मंजुरीचं पत्र पुरतं. व्याजामुळे जी घरं हा रस्ता घेत नाहीत, त्यांनी स्वतःच्या पैशांना वेळ द्यायचा असतो. आणि "महिनाभर कुणाचे तरी आणून ठेवू, दाखवून परत करू" हा जो धंदा चालतो, त्यापासून दूर राहा. अचानक आलेल्या मोठ्या रकमेबद्दल विचारलं जाऊ शकतं, ही एक गोष्ट. त्याहून मोठी ही की मुलगी तिथे पोहोचल्यावर खोलीचं भाडं तिला त्याच पैशांतून द्यायचं आहे, आणि ते तर परत गेलेले असतील.

आता पुन्हा अर्ज करायचा की निर्णयाविरुद्ध दाद मागायची? ब्रिटनमध्ये फेरतपासणीची सोय आहे. फी ८० पौंड, मुदत नकार मिळाल्यापासून २८ दिवस. पण ती अधिकाऱ्याची चूक झाली असेल तेव्हासाठी. उतारा नीट जोडला होता आणि त्यांनी पाहिलाच नाही, असं काही असेल तर जरूर करा. इथे चूक कागदांतच होती, आणि फेरतपासणीत साधारणपणे नवे कागद चालत नाहीत. तेव्हा या मुलीला नवा अर्जच करावा लागेल.

नव्या अर्जाला जुनी फाईल तशीच उचलून लावता येत नाही. कॅस एकाच अर्जाला वापरता येतो, म्हणून विद्यापीठाकडून नवा मागावा लागतो. टी.बी. तपासणीचा दाखला सहा महिनेच चालतो, त्यावरची तारीख पाहा. बँकेचा उतारा नवा, व्हिसाची फी नवी. आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड भरलेले असतात, ते मात्र नकारानंतर परत मिळतात. कार्डावर आले का ते बघत राहा, आणि फी एजंटच्या कार्डावरून भरली असेल तर त्याच्याकडे आत्ताच विचारणा करा.

विद्यापीठ नवा कॅस देईलच असं नाही. किती विद्यार्थ्यांचे व्हिसा नाकारले जातात यावर विद्यापीठाचा परवाना अवलंबून असतो, म्हणून तेही जपून वागतात. मुलीने स्वतः ईमेल लिहावा, नकाराचं पत्र जोडावं, काय चुकलं आणि ते कसं दुरुस्त केलं ते चार ओळींत सांगावं. एजंटच्या पत्त्यावरून गेलेल्या गोलमोल पत्रापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. या वर्षीच्या वर्गाची शेवटची तारीख उलटली असेल तर जानेवारीचा किंवा पुढच्या सप्टेंबरचा प्रवेश मागावा.

आता एजंटच्या सल्ल्याकडे येते. कॅनडाला काय कळतंय म्हणे! ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश व्हिसाची माहिती एकमेकांना देतात आणि बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखतात. पण समजा कळणार नसतं, तरी अर्जात प्रश्न सरळ विचारलेला असतो: कुठल्याही देशाने तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का? तिथे "नाही" लिहिणं म्हणजे खोटी साक्ष देणं. कॅनडात खोट्या माहितीसाठी पाच वर्षं दार बंद होतं. ब्रिटनमध्ये फसवणुकीचा ठपका दहा वर्षं पाठ सोडत नाही. अमेरिकेत तर कायमची बंदी येऊ शकते. साधा नकार मात्र कुणालाही कायमचा अपात्र करत नाही. तारीख लिहावी, कारण लिहावं, काय दुरुस्त केलं ते लिहावं, झालं. पैशांचे दिवस कमी भरले हा कागदाचा दोष आहे, तो भरून काढता येतो. खोटं बोललेलं भरून काढता येत नाही. आणि त्या अर्जावर सही मुलीची असते. एजंट उद्या दुकान बदलेल. म्हणून अर्ज पाठवण्याआधी त्याची पूर्ण प्रत हातात घ्या आणि मुलीने स्वतः वाचावी. तो प्रत द्यायला कांकू करत असेल तर मी तरी दुसरा माणूस बघेन, नाहीतर स्वतःच भरेन. अर्ज ऑनलाइन असतो, बी.फार्म. झालेल्या मुलीला तो जमतो.

दुसरं पत्र सोलापूरच्या एका तरुणाचं आहे, त्याला मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नकार मिळाला. तिथला मामला वेगळा. हातात एक छापील कागद देतात आणि त्यावर कलम २१४(ब). अमेरिकेचा कायदा प्रत्येक अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरतो, तसं नाही हे पटवून देणं अर्जदारावर. मुलाखत दोन-तीन मिनिटांची. अपील नाही, पण पुन्हा अर्जाला थांबण्याची सक्तीही नाही. नवा डीएस-१६० अर्ज आणि १८५ डॉलरची फी पुन्हा भरावी लागते. सेविसची ३५० डॉलरची फी मात्र बारा महिन्यांच्या आत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी पुन्हा अर्ज केला तर परत भरावी लागत नाही. कागदावर २२१(ग) असेल तर घाबरू नये, कागद किंवा तपासणी बाकी आहे असा त्याचा अर्थ, तो अखेरचा नकार नाही. आणि आठ दिवसांत तीच उत्तरं घेऊन परत खिडकीशी उभं राहण्यात काही हशील नाही.

या तरुणाने मला विचारलं, "नावामुळे नाकारला असेल का?" त्याचं दुःख मी समजू शकते, पण त्याने सांगितलेल्या मुलाखतीत दुसरंच दिसलं. हेच विद्यापीठ का, या प्रश्नावर तो म्हणाला, "भाईजानने निवडलं." फी किती? "अब्बांना माहीत." मुलाच्या शिक्षणाची फाईल घरातल्या मोठ्यांनी बनवायची आणि मुलाने ती नुसती उचलून न्यायची, ही आपली रीत खिडकीपलीकडच्या माणसाला संशयास्पद वाटते. विषय कोणते, तोच कोर्स इथे का नाही, खर्च किती, कोण देणार, परत येऊन काय करणार, हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवं. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं. ब्रिटनमध्येही अशी मुलाखत घेतात. जाता जाता मुलींसाठी एक: स्कार्फमुळे फोटो नाकारतात ही अफवा आहे. धार्मिक कारणाने डोकं झाकलेलं दोन्ही देशांत चालतं, चेहरा पूर्ण दिसला पाहिजे.

तिसरं पत्र नावांच्या घोळाचं. पासपोर्टवर मोहम्मद, गुणपत्रिकेवर मो., बँकेत शेख आधी, आधारवर शेख शेवटी. आईचं नाव जन्माच्या दाखल्यावर शबानाबी आणि बँकेच्या खात्यावर शबाना इरफान शेख. आपल्याला माणूस एकच दिसतो, परक्या अधिकाऱ्याला दोन. आईच्या खात्यातले पैसे दाखवायचे तर हा प्रश्न तिथेच उभा राहतो. स्पेलिंगचा किरकोळ फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करतात. फरक मोठा असेल तर मूळ कागदच दुरुस्त करावा, लागल्यास राज्याच्या राजपत्रात नावबदल करून. जुना जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल. या कामांना आठवडे लागतात आणि पैशांच्या २८ दिवसांत ती उरकत नाहीत, म्हणून मुलगी नव्या कॅसची वाट बघत असेल तेवढ्यात अब्बांनी नगरपालिकेत जन्म नोंदणीच्या खिडकीवर जाऊन यावं.