आधी काही मागायला शिका

पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये आजी-आजोबा आणि वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. प्रभू येशूचे आजी-आजोबा, संत ॲना व संत योआकिम, यांचा सण 26 जुलैला असतो. त्याला धरून जुलैचा चौथा रविवार ठरला. चांगलंच झालं. पण आपण त्या रविवारचं काय केलं? मिस्सानंतर एक शाल, फळांची पिशवी आणि फोटो. झाली वर्षभराची सुटका!

पिशव्या भरणाऱ्यांत मीही असतो, म्हणून आधी माझंच सांगतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला, एका भाड्याच्या खोलीत, बेळगावच्या फौंड्रीत उभं आयुष्य घालवलेले एक आजोबा राहतात. नमस्कार केला तर मान फिरवतात. मुलांचा चेंडू त्यांच्या दारात गेला की गेलाच. दर नाताळला मी त्यांना फराळाचं ताट द्यायचो. ते ताट घ्यायचे आणि दार लावायचे. मी मनात म्हणायचो, काय हा खडूस माणूस!

एका पावसाळ्यात आमची पाण्याची मोटर बंद पडली. दोन दिवस मिस्त्री आला नाही. शेवटी नाइलाजानं आजोबांचं दार वाजवलं. ते पाना घेऊन आले आणि तासाभरात मोटर सुरू झाली. चहा पिताना म्हणाले, "इतकी वर्सं ताट आणतोस. कधी काय मागितलास काय?"

मी गप्प झालो. कारण उत्तर शुभवर्तमानात होतं आणि मी ते कितीदा वाचलं होतं. याकोबाच्या विहिरीवर थकून बसलेल्या येशूनं शमरोनी स्त्रीकडे आधी प्यायला पाणी मागितलं. यहुदी शमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, तरी मागितलं. जिवंत पाण्याची गोष्ट त्यानंतरची. यरीहोत उंबरावर चढलेल्या जक्कयाला त्यानं आधी उपदेश केला नाही, तर त्याच्या घरचा पाहुणा झाला. लोक कुरकुरले, ते कुरकुरोत.

कोणी म्हणेल, मग दान बंद करायचं का? मुळीच नाही. उपाशी माणसाला आधी जेवणच द्यावं. पण नेहमी फक्त देणाऱ्याचा हात कायम वरच राहतो. आपल्याला ती उंची आवडते, आणि तिलाच आपण सेवा म्हणतो. ज्याच्याकडून आपण कधीच काही घेत नाही, तो आपला मित्र कसा होणार?

तेव्हा येत्या जुलैत एका तरी दारी रिकाम्या हातानं जा. पाना मागा, लोणच्याची कृती मागा, आपल्यासाठी एक प्रार्थना मागा. दार आपटलं तर पुन्हा जा.

आजोबा अजून तितकेच तिरसट आहेत. चेंडूही परत देत नाहीत. पण आता मुलं तो मागायला आत जातात, आणि लवकर बाहेर येत नाहीत.

प्रभो, मला मागण्याची नम्रता दे. आमेन.