ओवीची मालकी कोणाची?

कंपनीच्या दारात न जाता स्वतः गीत रचणारे, त्याला चाल लावणारे आणि गाणारे तरुणांचे बँड अलीकडे मुंबई-पुण्यात उभे राहिले आहेत. त्यांना ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र, म्हणण्याची रीत आहे. त्यांच्या धडपडीचे कौतुक जरूर व्हावे. मात्र चार जणांनी एकत्र बसून, बाजाराची पर्वा न करता गीत घडविणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट आहे, हा समज बीड जिल्ह्यात टिकण्यासारखा नाही.

माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली काही दलित स्त्रियांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून चालविलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचा तो भाग होता. हजारावर गावे आणि लाखावर ओव्या एवढा त्या कामाचा व्याप. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने तो ठेवा लोकांपुढे आणावयास प्रारंभ केला. भीमनगरातील ओव्यांचा विषय होता बाबासाहेब आंबेडकर. देवादिकांसाठी पिढ्यानपिढ्या चालत आलेला साचा या स्त्रियांनी बाबासाहेबांसाठी वापरला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होताच १९७८ साली मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि नामविस्तार व्हावयास १९९४ साल उजाडले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नावाची ओवी गाण्यात केवळ भक्ती नव्हती हे उघड होते.

ओवी रचली जाते कशी? दोघी समोरासमोर बसतात, खुंटा दोघींच्या हाती असतो आणि एकजण मधूनमधून मूठभर दाणे वैरते. दगडाच्या फेऱ्याबरोबर लय पडते. लय चुकली तर हातही चुकतो. एकीने पहिली ओळ उचलायची, दुसरीने ती घोळवायची, आणि तेवढ्या अवधीत पहिलीने पुढची ओळ जुळवायची. मध्ये येणारे ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ हे शब्द छापताना भरताड म्हणून गाळले जातात; वस्तुतः ती विचार करावयास मिळालेली उसंत होय. ओळीचा अर्धा भाग आईकडून ऐकलेला, अर्धा स्वतःचा. लेक तो सासरी नेते, तेथे जावेच्या संगतीने तो पुन्हा बदलतो. लिहून काही ठेवायचे नसल्यामुळे ज्या ओळीत दम नाही ती दुसऱ्या पहाटेपर्यंत टिकत नाही. संपादनाची याहून कठोर पद्धत कोणत्याही स्टुडिओत नसेल.

या स्वातंत्र्याचा पाया मात्र स्वभावात नसून साधनात होता. जाते घरात होते आणि पहाटेच्या त्या प्रहरावर दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता. दिवसा उच्चारता न येणारे सारे तेव्हा ओवीत येई. पिठाची गिरणी आली आणि ते साधन गेले. त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. शहरी रसिकाला गोड वाटणाऱ्या ओवीमागे रोजचे बिनमोल, खांदे मोडणारे श्रम होते. पण गिरणीने वाचविलेली पहाट बाईच्या पदरात पडली काय? याच जिल्ह्यातून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल बहुधा पुरुष घेतो, ती फेडावयास दोघेही राबतात, आणि बाईची पहाट मोळ्या बांधण्यात जाते. जात्यापाशी निदान दुसरी बाई समोर तरी होती.

आता मालकीचा प्रश्न. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलावंताला हक्क दिला. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या कर्त्यांचा रॉयल्टीतील वाटा सुरक्षित केला. म्हणजे ध्वनिफितीवर जिचा आवाज आहे तिला कायद्यात जागा सापडेल. पण जिची अर्धी ओळ त्या गाण्यात आहे त्या आईचे काय? कायदा कर्ता शोधतो आणि ओवीचे कर्ते अनेक असतात. म्हणूनच कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीने ती ‘पारंपरिक’ म्हणून उचलावी आणि तिच्यावर पैसा करावा, हे सोपे होते.

चळवळींनीही या बाबतीत फार मिरवू नये. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक काय किंवा सेवा दलाचे कलापथक काय, त्यांची गीते खेड्यापाड्यांत गेली आणि त्यांचा मोठा उपयोग झाला. कर्त्यांची नावेही राहिली. उलट दिशेने, खेड्यातील बाईची ओवी तिच्या नावानिशी मोर्चात आल्याची उदाहरणे किती सापडतील? राईरकर-पॉइटवाँ यांच्या संकलनात ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. हंगाम संपवून टोळ्या उन्हाळ्यात माजलगाव, धारूर, वडवणीकडे परततात, तेव्हा गावोगावच्या कार्यकर्त्यांना एक वही घेऊन तेवढे करणे अशक्य नाही. जात्यावर बसलेल्या बायका अजून आहेत, पण त्यांची वये बरीच झाली आहेत.