यंत्राची कुरकुर आणि कानांची साक्ष

डोंबिवली पूर्वेला माझ्या माहेरी मोरीलगत एक वॉशिंग मशीन उभे आहे. दोन टबांचे, सेमी-ऑटोमॅटिक, वय वर्षे अठ्ठावीस. ते केव्हाच भंगारात जायचे. पण जिथे पाणी ठरावीक वेळी येते आणि पिंपात भरून ठेवावे लागते, तिथे बादलीने पाणी ओतून चालणारे यंत्र सोयीचे वाटते. साबणाचे तेच पाणी कपड्यांच्या दुसऱ्या खेपेलाही वापरता येते. म्हणून आईबाबांनी ते कधी बदलले नाही.

गेल्या पावसाळ्यात हे मशीन ओरडू लागले. मी दर रविवारी ठाण्याहून लोकलने तिथे जाते. एका रविवारी मशीन सुरू होताच आई दचकून उठली आणि ‘कोणाचं मूल रडतंय?’ म्हणून घरभर शोधू लागली. तिला स्मृतिभ्रंश आहे. अशा रुग्णाला आवाज ऐकू येतो. पण तो कशाचा, हे मेंदूला उलगडत नाही, आणि न उलगडलेल्या आवाजाची भीती वाटते. बाबा मात्र शेजारीच शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते.

‘बाबा, मशीन किती किंचाळतंय! नवीन घेऊ या.’

‘कुठे किंचाळतंय? थोडं धडधडतंय, एवढंच. तुला उगाच नव्याची हौस.’

बाबा एकोणऐंशी वर्षांचे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून आयुष्य घालवले. त्यांचे हे बोलणे आम्ही हट्ट समजलो. अखेर तडजोड झाली: दुरुस्ती घरीच करायची, सूचना बाबांनी द्यायच्या आणि अंगमेहनत माझ्या मुलाने करायची.

वाचकहो, अशी दुरुस्ती करताना काही पथ्ये अवश्य पाळावीत. नुसते बटण बंद करून भागत नाही; प्लग सॉकेटमधून काढावा. मोटरला जोडलेल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विद्युतभार शिल्लक राहू शकतो, म्हणून त्याला आणि वायरींना हात लावू नये. फरशी कोरडी असावी. मशीन एकट्याने तिरपे करू नये; ठिसूळ हाडांच्या माणसाला तेवढ्या भारानेही कंबरेची दुखापत होऊ शकते. खालच्या पोकळीत उंदीर शिरतात. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि जंतुनाशकाने पुसून घ्यावे. उंदरांनी कुरतडलेली वायर दिसली, तर काम तिथेच थांबवून मेकॅनिकला बोलवावे.

बाबांनी मुलाला पहिला धडा दिला तो आवाज ओळखण्याचा. धडधड होत असेल, तर मशीनचे पाय समतल नाहीत किंवा ड्रायरमध्ये कपडे एका बाजूला गोळा झाले आहेत. टकटक होत असेल, तर तळाच्या फिरत्या चकतीखाली, म्हणजे पल्सेटरखाली, नाणे किंवा पिन अडकली आहे. सतत घरघर असेल, तर बेअरिंग झिजले आहे. ते काम मेकॅनिकचे. आणि चकती दिशा बदलताना चिरकी किंकाळी उठत असेल, तर पट्टा सैल झाला आहे.

पायाखाली रबराचा तुकडा सरकवताच धडधड थांबली. पल्सेटरचा मधला स्क्रू काढल्यावर खाली एक रुपयाचे नाणे, दोन सेफ्टी पिना आणि धाग्यांचा गुंता सापडला. टकटकही गेली. पुन्हा मशीन लावले, तर किंकाळी तशीच. मी आणि मुलाने कानांवर हात ठेवले. बाबा मशीनपासून हातभर अंतरावर उभे होते. आमच्याकडे पाहून त्यांनी विचारले, ‘अजून वाजतंय का?’

ज्या माणसाने आयुष्यभर यंत्रांच्या आवाजावरून दोष ओळखले, त्याला तो आवाज ऐकूच येत नव्हता. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून ते म्हणाले, ‘म्हणजे दोष मशीनचा एकट्याचा नाही.’

वयोमानाने येणारा बहिरेपणा सहसा उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होतो. धडधड, गडगड असे जाड आवाज ऐकू येत राहतात. कुकरची शिट्टी, दारावरची घंटा, पक्ष्यांची किलबिल मात्र विरत जाते. बोलण्यातील स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणूनच ज्येष्ठांची तक्रार ‘ऐकू येत नाही’ अशी नसते. ‘ऐकू येतं, पण तुम्ही पुटपुटता’ अशी असते. कारखान्यातील दीर्घकाळच्या गोंगाटाने ही हानी अधिक वाढते. घरच्यांना ती विसराळूपणा किंवा हेका वाटते, आणि माणूस हळूहळू गप्पांतून बाजूला होतो. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे जे चौदा टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत श्रवणदोषाचा समावेश आहे.

बाबांची ऑडिओमेट्री केली. दोन्ही कानांत उंच पट्टीची घट निघाली. ही तपासणी वेदनारहित असते आणि सुमारे अर्ध्या तासात होते. आपल्या भागातील कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तिची सोय आहे. कधीकधी कानातील साठलेला मळ हेच कारण निघते. म्हणून आधी तज्ज्ञांना दाखवावे, परस्पर यंत्र विकत घेऊ नये. श्रवणयंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाजही टोचतो. तेव्हा ‘पैसे वाया गेले’ असे न म्हणता रोज थोडा थोडा वेळ वाढवावा.

मशीनचे काय झाले? प्लग काढून मुलाने मागचा पत्रा उघडला, मोटरचे बोल्ट सैल करून जुना पट्टा काढला आणि त्यावरील क्रमांक दाखवून बाजारातून तसाच नवा आणला. मोटर मागे सरकवून, बोटाने दाबल्यावर सुमारे अर्धा इंच दबेल एवढा ताण ठेवला. ड्रायरच्या झाकणाचा स्विच मात्र कोणी कितीही सुचवले तरी ‘डायरेक्ट’ करू नये. झाकण उघडताच टब थांबावा म्हणून तो असतो. फिरत्या टबात हात गेला तर बोटे गमवावी लागतात. शेवटी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतले आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला.

आईसाठीही काही बदल केले. निवासी भागासाठी कायद्याने आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरवली आहे; ती बाहेरच्या आवाजासाठी असली, तरी घरातल्या रुग्णालाही रात्रीची शांतता हवीच. म्हणून मशीन सकाळी एका ठरलेल्या वेळीच लागते. त्याआधी बाबा तिला जवळ नेऊन सांगतात, ‘अगं, आता कपडे धुवायचेत.’ मशीन थांबले की वाळलेल्या कपड्यांतले नॅपकिन तिच्यासमोर ठेवतात. घड्या घालताना ती रमते.

आपल्याही घरी कोणी ज्येष्ठ ‘आवाज कुठे येतोय?’ असे म्हणत असतील, तर वाद घालण्याआधी त्यांच्या कानांची तपासणी करून घ्या. परवा बाबांचा फोन आला. म्हणाले, ‘पट्टा पुन्हा किंचित वाजतोय. रविवारी मुलाला पाना घेऊन पाठव.’ मला तरी त्या रविवारी काही ऐकू आले नाही.